‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नामागे

सहावी ते आठवीच्या भूगोलाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो: भौगोलिक कारणे लिहा. उत्तराचा साचाही मुलांना पाठ असतो. पाऊस कमी, जमीन खडकाळ, त्यामुळे शेती कमी, त्यामुळे वस्ती विरळ. या ‘त्यामुळे’वरून भूगोलज्ञ शतकभर भांडले. त्या भांडणाचा मागमूसही वर्गात पोचत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

जर्मन भूगोलज्ञ फ्रीडरिख रात्सेल यांनी १८८२ मध्ये मानवी भूगोलावरच्या आपल्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांच्या अमेरिकन शिष्या एलेन सेम्पल यांनी १९११ मध्ये तोच विचार इंग्रजीत नेला, आणि अधिक ठाम करून नेला: माणूस हा भूपृष्ठानेच घडवलेला. हाच निसर्गवाद. त्याचं वाईट टोक लवकरच दिसलं. एल्सवर्थ हंटिंग्टन यांनी १९१५ मध्ये हवामानावरून समाजांची कार्यशक्ती आणि प्रगती जोखली, आणि त्यात उष्ण कटिबंधातली माणसं खालच्या पायरीवर गेली. साम्राज्य चालवणाऱ्यांना हे सोयीचंच होतं. फ्रान्समध्ये व्हिदाल द ला ब्लाश यांची मांडणी वेगळी होती: निसर्ग शक्यता समोर ठेवतो, निवड माणसं करतात. ल्युसिआँ फेव्र यांनी १९२२ मध्ये या मताची जोरदार बाजू मांडली. आपण त्याला शक्यतावाद म्हणतो.

शाळेत मात्र वेगळीच गोष्ट रुजली. ऑक्सफर्डचे ए. जे. हर्बर्टसन यांनी १९०५ मध्ये जगाचे नैसर्गिक प्रदेश पाडून दाखवले. स्थान, भूरचना, हवामान, वनस्पती आणि शेवटी मानवी जीवन, हा क्रम शिकवायला सोपा होता, म्हणून टिकला. आपल्या सातवीच्या पुस्तकातही ‘नैसर्गिक प्रदेश’ हा धडा आहे. क्रमात चूक नाही. पण माणूस कायम शेवटच्या रकान्यात आला की मुलांना तो वरच्या रकान्यांचा निव्वळ परिणाम वाटू लागतो.

आपल्याकडे याहून तोलून विचार झालेला आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयाची कारणं सांगताना सह्याद्रीला मोठं स्थान दिलं, पण त्याच दमात संतांची शिकवण आणि गावोगावच्या संस्थाही मोजल्या. लोकांच्या तोंडीही कोकण, घाटमाथा, मावळ, देश ही विभागणी पाठ्यपुस्तकांच्या कितीतरी आधीपासून आहे.

हे शिकवायला सातारा जिल्ह्यासारखी जागा नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, माण तालुक्यातल्या दहिवडीला तो जेमतेम पाचशेच्या आसपास. पश्चिमेकडून आलेले ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया उरते. एवढ्यावर मुलं लिहितील: पश्चिमेला भात-नाचणी, पूर्वेला ज्वारी-बाजरी, मेंढ्या, खिलार बैल. बरोबर आहे.

पण पुढचं पाहा. माणदेशात पाऊस नाही म्हणून माणसं बाहेर पडली, हे खरं. शेजारच्या खानापूर-आटपाडीची माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे धातू वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पसरली. मग पाटण-जावळीत तर पावसाचा सुकाळ. तिथली माणसं मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझी वाहायला का गेली? उतारावरच्या वीत-वीत खाचरांवर घर भागत नव्हतं आणि मुंबईत काम मिळत होतं. याच भागातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना उभी केली, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. म्हणजे जास्त पाऊस आणि कमी पाऊस, दोन्हीकडून वाट गावाबाहेरच जाते. ‘त्यामुळे’ इथे अडखळतो, आणि मुलांना नेमकं इथेच थांबवावं.

फलटणला पाऊस माणसारखाच तुटपुंजा, तरी शिवारात ऊस, कारण नीरेचा उजवा कालवा ब्रिटिश काळातच खणला गेला. त्या कालव्याचं पाणी कोणत्या गावाला मिळालं आणि कोणतं गाव चढावर राहिलं, हे नकाशावर बोट ठेवून मुलांना शोधू द्यावं. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा तेव्हा त्यांना खऱ्या अर्थाने कळतात.

आणि कोयना. कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारं तिचं पाणी आपण अडवलं, बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं. वीज देऊन ते चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत उतरतं. धरणाखाली खोऱ्यातली गावं गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहिलेल्या कुटुंबांना दुसऱ्या मुलखात, दुसऱ्या मातीत पेरणी शिकावी लागली. या स्थलांतराची भौगोलिक कारणे लिहायला सांगितली, तर उत्तरात पावसाबरोबर धरणाचा निर्णयही यावा लागेल, आणि तो कोणी, कोणासाठी घेतला हेही.