चौकटी पांढऱ्या कशा झाल्या

घराचे नूतनीकरण निघाले की भिंतींच्या रंगावर एकमत व्हायला फार वेळ लागत नाही. गाडी अडते ती लाकडावर. दाराखिडक्यांच्या चौकटी, त्यांच्याभोवतीच्या नक्षीच्या पट्ट्या, भिंतीच्या पायथ्याचे स्कर्टिंग, छताखालची मोल्डिंग हे सगळे पांढरे करायचे की लाकूड दिसू द्यायचे? एकाला लाकडावर रंग चढवणे म्हणजे पाप वाटते. दुसरा छातीठोकपणे सांगतो की पांढरी चौकट हीच मूळची, जुनी रीत. इतिहास दोघांच्याही बाजूने उभा राहत नाही. घरातल्या लाकडाला रंग देण्याची चाल काही शतकांची आहे, पण त्यातला बराच काळ तो रंग शुभ्र नव्हता. आणि झाकल्या गेलेल्या लाकडाबद्दल आजच्यासारखी हळहळही फारशी कुणाला वाटत नव्हती.

मुळात या पट्ट्या आल्या कशासाठी? गिलावा एकदा वाळला की जागचा हलत नाही. लाकूड मात्र हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते, आकसते, तेही लांबीत नगण्य आणि रुंदीत बरेच. त्यामुळे चौकट आणि गिलावा यांच्यात फट पडणार हे ठरलेलेच. ती झाकायला वरून पट्टी ठोकली. भिंतीच्या पायथ्याशी झाडू, ओले फडके आणि खुर्च्यांचे पाय लागून गिलाव्याचे पोपडे निघत, म्हणून तिथे फळी आली. या पट्ट्यांचे आकार ग्रीक-रोमन दगडी मंदिरांतून उचललेले आहेत. खांबाला जशी बैठक आणि माथा, तशी युरोपातल्या भिंतीलाही खाली एक बैठक आणि वर एक कंगोरा मिळाला.

म्हणजे घरातला सर्वाधिक मार खाणारा भाग हाच. हातांचा तेलकटपणा, बुटांच्या ठोकरा, पुसण्याचे पाणी, सगळे इथे येते. भिंतीला चुन्याची सफेदी किंवा सरस घातलेला डिस्टेंपर चालून जाई, कारण भिंतीला सहसा कुणी हात लावत नाही. लाकडाला पुसता येईल असा कठीण थर हवा होता आणि तो फक्त तेलाच्या रंगातून मिळे. मॅट भिंत आणि चकाकणारी चौकट ही आज सजावटीची शैली म्हणून सांगितली जाणारी जोडी या व्यवहारातून आलेली आहे. सौंदर्यशास्त्र तिला मागाहून चिकटले.

तेल म्हणजे अळशीचे. ते पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाची चिवट साल बनते. याला वेळ लागतो, म्हणून तेल शिशाच्या किंवा मँगनीजच्या क्षारांबरोबर उकळून घेत. त्यात मिसळायचा मुख्य रंग शिशाचा सफेदा. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवले की त्यांच्यावर पांढरी बुरशी धरते, हे इसवी सनाच्या तीनेकशे वर्षे आधी थिओफ्रास्टस या ग्रीक विद्वानाने लिहून ठेवले आहे. पुढे डच कारागिरांनी ही भांडी घोड्याच्या लिदीत किंवा कातडे कमावून उरलेल्या सालींच्या ढिगात पुरायला सुरुवात केली. ढीग कुजताना ऊब आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही मिळत. काही महिन्यांनी ढीग उपसला की पत्र्यांच्या जागी पांढरी खपली असे.

या सफेद्यावर रंगाऱ्यांचा जीव होता. शिसे तेलातल्या आम्लांशी संयोग पावून एक प्रकारचा साबण तयार करते आणि त्यामुळे रंगाचा थर लवचीक राहतो. लाकूड हलले तरी तो तडकत नाही, वर्षानुवर्षे धरून राहतो. दोष दोन होते. एक विषाचा, त्याकडे पुढे येऊ. दुसरा असा की अळशीचे तेल उजेड नसेल तिथे पिवळे पडते. कपाटामागचे स्कर्टिंग, सदा मिटलेल्या दाराची आतली बाजू यांना काही वर्षांत मस्क्यासारखी छटा येई. ती मारण्यासाठी पांढऱ्यात चिमूटभर निळा किंवा काजळी घालत. तेव्हाचा ‘पांढरा’ म्हणजे फार तर करडा-पिवळसर दगडी रंग.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या चांगल्या घरांत भिंतींना ओकच्या फळ्या लावत आणि त्या बहुतेक वेळा तशाच उघड्या ठेवत. १६६६ च्या आगीनंतर लंडन पुन्हा बांधायला काढले तेव्हा लाकडाची भूक प्रचंड होती. नॉर्वे आणि बाल्टिक किनाऱ्यावरून पाइन आणि फरचे लाकूड जहाजांनी येऊ लागले. ते मऊ, स्वस्त, कातायला सोपे, पण गाठीगाठींचे. असले लाकूड मिरवण्यासारखे कुणालाच वाटले नाही, म्हणून ते रंगवले. रंग हे हलक्या लाकडाचे अंगरखे होते. आज ज्या पाइनवरचा रंग खरवडून आपण ‘मूळ लाकूड उघडे केले’ म्हणून खूश होतो, ते सुताराने उघडे राहावे म्हणून निवडलेलेच नव्हते.

अठराव्या शतकात रंगाची निवड खिशावर ठरे. माती, काजळी आणि सफेदा यांपासून होणारे दगडी, राखी, मळकट तपकिरी रंग स्वस्त, म्हणून सर्रास. हिरवे आणि निळे महाग. बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमारास अपघाताने सापडलेला प्रशियन ब्लू बैठकीच्या खोलीत लावला म्हणजे मालकाची ऐपत पाहुण्याला दारातच कळे. स्कर्टिंग मात्र पुष्कळदा गडद चॉकलेटी ठेवत, फडक्याचे ओघळ आणि बुटांचे डाग दिसू नयेत म्हणून. मला ही त्या काळातली सगळ्यात शहाणी रीत वाटते. पांढऱ्या स्कर्टिंगखाली गुडघे टेकून डाग पुसणारा कुणीही हेच म्हणेल.

याच सुमारास एक गंमत वाढीला लागली. पाइन रंगवायचे, पण महोगनीसारखे किंवा ओकसारखे. खाली पिवळसर रंगाचा हात देऊन तो वाळला की वरून पातळ तपकिरी थर चढवायचा आणि तो ओला असतानाच कंगवा, ब्रश, चिंधी, प्रसंगी पक्ष्याचे पीस फिरवून शिरा, गाठी, रेषा उमटवायच्या. शेवटी व्हार्निश. जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या माउंट व्हर्नन या घराच्या मधल्या दालनातल्या लाकडी फळ्या १७९७ मध्ये अशाच महोगनीसारख्या रंगवून घेतल्या. एकोणिसाव्या शतकात ही कला शिखरावर गेली. थॉमस केर्शा या इंग्रज रंगाऱ्याला १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तिच्यासाठी पदक मिळाले. त्याने रंगवलेले नमुने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. दोन वर्षे आधी, १८४९ मध्ये, जॉन रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाने एका वस्तूला दुसऱ्या वस्तूचे सोंग देणे ही वास्तुकलेतली लबाडी आहे असे ठणकावले होते. ‘लाकूड लाकूडच दिसले पाहिजे’ या आग्रहाला नैतिक धार आली ती इथून, आणि ती अजून बोथट झालेली नाही.

रस्किनचे ऐकणारे ऐकोत, पण घरे गडदच राहिली. कारण काजळी होती. कोळशाच्या शेगड्या, तेलाचे दिवे, मग गॅसचे दिवे यांच्या धुरात पांढरे काही टिकणे कठीणच. गडद व्हार्निशवर काजळी दिसत नसे, एवढाच त्याचा मोठा गुण.

पांढरा रंग आला तो एका बाजूने नाही. जंतूंमुळे रोग होतात हे पटल्यावर ‘मळ न दिसणे’ हा गुण न राहता दोष ठरला. मळ दिसला पाहिजे, म्हणजे तो पुसता येईल. विजेच्या दिव्यांनी धूर घरातून हाकलला. रंगाचा डबाही बदलला. तोवर रंगारी पूड आणून दगडी पाट्यावर तेलात घोटून रंग करी. १८६७ मध्ये अमेरिकेत डी. आर. अॅव्हरिल यांनी तयार मिश्र रंगाचे पेटंट घेतले आणि पुढच्या दशकात पुन्हा घट्ट मिटणारे डबे आले. रंग देणे हे गिऱ्हाईकालाही जमणारे काम झाले. १८९७ पासून फ्रान्समध्ये खपू लागलेल्या रिपोलिन एनॅमलने चिनी मातीसारखी गुळगुळीत चकाकी दिली. १९१३ च्या सुमारास अमेरिकेत एल्सी डी वुल्फ ही सजावटकार गडद लाकडाविरुद्ध उघड मोहीम चालवत होती. १९१६ पासून नॉर्वे आणि अमेरिकेत टायटॅनियम डायऑक्साइडचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. शिशाच्या सफेद्याहून अधिक झाकणारा, आणि बिनविषारी. आज डब्यात जो झगझगीत पांढरा मिळतो तो हा. तेव्हा ‘मूळची पांढरी चौकट’ या समजुतीचे वय फार तर शंभर-सव्वाशे वर्षे.

आता विष. रंगाऱ्यांचा पोटशूळ आणि लुळे पडणारे मनगट हे धंद्याचे जुने दुखणे होते. पॅरिसमधला रंगकामाचा ठेकेदार एदम-झाँ लक्लेर याने १८४० च्या दशकात आपल्या कामगारांसाठी शिसे सोडून जस्ताचा सफेदा वापरात आणला. पण जस्ताचा थर ठिसूळ, तो तडकतो, म्हणून शिसे हटले नाही. मुलांचे काय होते ते ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये उघड झाले. तिथले नेत्रतज्ज्ञ जे. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले की मुलांना शिसे बाधते ते व्हरांड्याच्या कठड्यांवरच्या आणि खोल्यांच्या भिंतींवरच्या रंगातून. उन्हाने भुकटी झालेला रंग हाताला लागतो, हात तोंडात जातो. ब्रिस्बेन ज्या प्रांतात आहे त्या क्वीन्सलँडने १९२२ मध्ये मुलांच्या हाताशी येणाऱ्या अशा भागांवर शिशाचा रंग वापरायला मनाई केली. त्याच्या आदल्या वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये असा करार मंजूर केला होता. अमेरिकेला घरगुती रंगातून शिसे काढायला १९७८ उजाडले. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली.

या तारखांचा नूतनीकरणाशी थेट संबंध आहे. शिशाचा रंग टिकाऊ म्हणून महाग कामात, म्हणजे नेमका लाकडावर, जाई. शिवाय खिडकीची झडप चौकटीला आणि दार उंबऱ्याला घासते, तिथे रोज थोडी धूळ पडते. जुना थर कोरडाच घासला तर एका दुपारी वर्षांची धूळ एकदम घरभर होते. म्हणून अमेरिकेत २०१० पासून जुन्या घरात एका खोलीतला सहा चौरस फुटांहून जास्त रंग उखडायचा असेल तर ठेकेदाराला खास प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते. उघड्या ज्योतीने रंग जाळायला आणि धूळ खेचून घेणाऱ्या यंत्राशिवाय मशीनने घासायला मनाई आहे. जुन्या लाकडावर ओला पॉलिश पेपरच बरा म्हणतात, त्यामागचे साधे कारण ही धूळच.

डब्यातल्या तेलाचीही दरम्यान उलथापालथ झाली. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉय कीनले याने अल्किड हे नाव दिलेली कृत्रिम रेझिने रंगात आली. आपण ज्याला ‘ऑइल पेंट’ म्हणतो तो बहुधा हाच. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात मिसळणारे इमल्शन रंग आले, १९५३ मध्ये त्यांची अॅक्रिलिक आवृत्तीही आली, आणि भिंती त्यांनी झपाट्याने जिंकल्या. लाकूड मात्र कैक वर्षे अडून बसले. पाण्याचा रंग लवकर सुकतो, त्यामुळे ब्रशच्या रेघा पसरून सपाट व्हायला वेळ मिळत नाही. वरवर सुकल्यावरही तो बरेच दिवस मऊ राहतो, दार चौकटीला चिकटून बसते आणि उघडताना रंगासकट सुटते. ब्रशसुद्धा बदलावे लागले. डुकराच्या केसांचे पारंपरिक ब्रश पाण्याने फुगून लुळे पडतात, म्हणून नायलॉन आणि पॉलिएस्टर. युरोपीय संघाने रंगातल्या उडणाऱ्या द्रावकांवर २००७ आणि २०१० अशा दोन टप्प्यांत मर्यादा घातल्या, तेव्हा कंपन्यांना पाण्यातले अल्किड आणि अधिक कठीण अॅक्रिलिक मनावर घ्यावेच लागले.

मधल्या काळात एक लाट उलटी आली होती. १९६०-७० च्या दशकांत ब्रिटनमध्ये जुनी दारे कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून रंग काढायची फॅशन झाली. पाइन उघडे पडले, त्याबरोबर सांध्यांतला सरसही सुटला. त्यातली बरीच दारे पुढे पुन्हा पांढरी झाली.

आजच्या तक्रारींपैकी सगळ्यात मोठी याच इतिहासातून येते. जुन्या चकाकत्या ऑइल पेंटवर थेट पाण्याचा रंग दिला तर त्याला धरायला जागाच नसते, आणि काही महिन्यांत तो सालीसारखा सोलून निघतो. खाली काय आहे ते कळायला अल्कोहोलच्या स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी जुन्या रंगावर घासावी. रंग मऊ होऊन चिंधीला लागला तर बहुतेक पाण्याचा, ढिम्म राहिला तर तेलाचा. तेलाचा असेल तर चकाकी मोडेपर्यंत ओले घासून धरणारा प्रायमर द्यायचा. पाइनच्या गाठींतून राळ पाझरून पांढऱ्यावर तपकिरी डाग उठतात, त्यावर अजूनही जुनाच उपाय चालतो, स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. किड्याने फांदीवर सोडलेला हा पदार्थ राळेला आत कोंडून ठेवतो, आणि त्याच्यावर तेलाचा आणि पाण्याचा असे दोन्ही रंग बसतात. मास्किंग टेपचे वय तेवढे कमी आहे. तो १९२५ मध्ये थ्रीएम या अमेरिकन कंपनीतल्या रिचर्ड ड्र्यूने दुरंगी मोटारी रंगवणाऱ्यांसाठी काढला. त्याआधी भिंत आणि पट्टी यांमधली सरळ रेघ म्हणजे फक्त रंगाऱ्याचा हात.

आपल्या घरच्या चौकटीचा मूळ रंग शोधायचा असेल तर कुलपाची पट्टी किंवा बिजागरी काढून तिच्याखाली पाहावे. रंगारी सहसा त्या काढत नाहीत, वरूनच रंगवतात, त्यामुळे तिथे पहिले थर शाबूत सापडतात. शिशाचा संशय असला तर तो भाग ओला करूनच खरवडावा. उघडा पडलेला थर लगेच पाहून निष्कर्ष काढू नये. अंधारात राहिलेले अळशीचे तेल पिवळे पडलेले असते आणि त्या पिवळेपणाने निळा हिरवट दिसतो, राखाडी खाकी. जुन्या वास्तूंचे रंग ठरवताना जाणकारही याला फसले आहेत. तो उघडा केलेला ठिपका काही आठवडे खिडकीच्या उजेडात राहू द्यावा. पिवळेपणा बराचसा उडून जातो आणि खालचा रंग वर येतो. पुष्कळदा तो पांढरा नसतो.