लिहायला शिकवणारी पुस्तकं: मागचा इतिहास

लेखन शिकवता येतं का, हा वाद आजच्या कार्यशाळांनी उकरून काढलेला नाही. सातव्या शतकाच्या आसपास संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त त्यावर आपलं म्हणणं मांडलं: प्रतिभेचं देणं नसलं, तरी अध्ययन आणि यत्न यांनी उपासना केली तर वाग्देवी काहीतरी अनुग्रह करतेच. नवशिक्याला एवढा मोठा दिलासा इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी दिला असेल.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो संस्कृत कवी राजशेखर. इसवी सन 900च्या सुमारास त्याने लिहिलेल्या ‘काव्यमीमांसे’त एक प्रकरण चक्क कवीच्या दिनचर्येवर आहे. पहिल्या प्रहरी अध्ययन, दुसऱ्या प्रहरी रचना, जेवणानंतर काव्यगोष्ठी, म्हणजे जाणकारांसोबत काव्यावरची बैठक, आणि चौथ्या प्रहरी सकाळच्या लेखनाची तपासणी. तपासणी इतक्या उशिरा का, तर रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याला पारखणारी नजर नसते. फळा आणि खडू, दौत-लेखणी, ताडपत्रं किंवा भूर्जपत्रं हाताशी असावीत, हेही तो सांगतो. इतरांच्या ओळी उचलण्याचे प्रकार तर त्याने पुढच्या प्रकरणांत तपशिलात वेगळे केले आहेत. यातला प्रत्येक सल्ला रोज लिहायला बसणाऱ्या माणसाचा आहे.

अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘कविकंठाभरणा’त प्रत्यक्ष सराव दिले: आधी अर्थहीन शब्दांनीच वृत्त भरायचं, मग जुन्या श्लोकातले शब्द बदलून पाहायचे. अर्थाचं ओझं बाजूला ठेवून आधी कान तयार करायचा, ही युक्ती आजही कामी येते.

युरोपात सुरुवात ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’पासून धरतात. पण शोकांतिका उभी कशी राहते याची ती चिकित्सा आहे. लिहित्या माणसाशी बोलतो तो रोमन कवी होरेस, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. लिहिलेलं नवव्या वर्षापर्यंत दडवून ठेव, असं तो बजावतो. कारण एकदा बाहेर पडलेला शब्द परत येत नाही.

छापखान्याच्या काळात संदर्भसाधनं वाढली. पीटर मार्क रोजे या डॉक्टरने 1805 साली स्वतःच्या सोयीसाठी शब्दांची अर्थानुसार यादी सुरू केली. त्याचा ‘थिसॉरस’ छापून आला 1852 साली. 1918 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका खासगीरीत्या छापून घेतली. त्यांचेच विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी ती 1959 साली सुधारून, वाढवून काढली आणि ‘अनावश्यक शब्द गाळा’ हा नियम घरोघरी पोचला. अशा पुस्तकांनी वाक्यं स्वच्छ होतात. पण कोऱ्या कागदासमोर अडलेल्याला ती हात देत नाहीत.

ती उणीव 1934 साली अमेरिकन लेखिका डोरोथिया ब्रँड यांनी आपल्या पुस्तकात नेमकी हेरली. तंत्राच्या धड्यांआधीच नवा लेखक अडखळतो, असं त्यांनी ठासून मांडलं. रोज अर्धा तास लवकर उठा, उठल्याउठल्या लिहा आणि लिहिलेलं लगेच वाचू नका, हा त्यांचा पहिला पाठ. लिहिणारा आणि पारखणारा एकाच वेळी कामाला बसवू नये, हे राजशेखराचंच म्हणणं इथे पुन्हा भेटतं. दोनच वर्षांनी, 1936 साली, आयोवा विद्यापीठात लेखक-कार्यशाळा सुरू झाली. तिथे कच्चा मसुदा सहाध्यायांच्या हाती जातो आणि ते त्यावर समोरासमोर बोलतात: तिसऱ्या प्रहरची काव्यगोष्ठी, विद्यापीठाच्या वर्गात.