पैसे भरल्याची पावती आणि प्रवेशाचे ई-तिकीट

पुण्या-नागपूरकडचे पाहुणे आले की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून किल्ल्यावर जाण्याचा बेत ठरलेलाच असतो. गेल्या दिवाळीत आमच्या आत्याबाईंनी किल्ल्यावरच्या मानमंदिर राजवाड्याच्या दाराशी मोबाइल पुढे केला. पडद्यावर हिरवी खूण होती, भरलेली रक्कम होती, खाली बारा अंकी क्रमांकही होता; तरी दारावरच्या माणसाने नम्रपणे नकार दिला, कारण ते तिकीट नव्हते.

ती हिरवी खूण यूपीआय अ‍ॅपची होती. खात्यातून किती पैसे, केव्हा आणि कोणाकडे गेले एवढेच ती सांगते, म्हणजे हा मामला आपण आणि बँक यांच्यातला. ई-तिकिटावर मात्र वास्तूचे नाव, भेटीचा दिवस, माणसांची संख्या आणि त्या एका तिकिटापुरता तयार झालेला क्यूआर कोड असतो, आणि दारावर तोच तपासला जातो. तिकीटखिडकीपाशी लावलेल्या फलकावरचा कोड सर्वांसाठी एकच असून तो फक्त तिकीट काढण्याच्या पानावर नेतो. त्याचा फोटो काढून ठेवल्याने काहीच साधत नाही.

वास्तूचे नाव नीट वाचणे आपल्या गावी विशेष गरजेचे आहे. राजा मानसिंह तोमरांचे मानमंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, पायथ्याच्या गुजरी महालातले संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे आहे, आणि जयविलास राजवाड्यातील संग्रहालयाची व्यवस्था स्वतंत्र आहे. त्यामुळे एका ठिकाणचे तिकीट दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. मानमंदिराला भारतीयांसाठी रोखीने २५ आणि ऑनलाइन २० रुपये असा दर आहे, तर १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

खरी पंचाईत होते ती पैसे कापले जाऊनही तिकीट न आल्यावर. आपली बँक, मधली यंत्रणा आणि तिकीट देणारी व्यवस्था यांच्यातला शेवटचा निरोप अडकला, तर पावती तयार होते पण तिकीट तयार होत नाही. अशा वेळी घाईने पुन्हा पैसे भरू नयेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आधी ईमेल आणि एसएमएस पाहावेत, बुकिंगच्या पानावर व्यवहाराची स्थिती तपासावी आणि तो बारा अंकी क्रमांक जपून ठेवावा, कारण तक्रारीच्या वेळी पावतीचा खरा उपयोग इथेच होतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने भरलेल्या पैशांची खातरजमा विक्रेत्याकडे पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत मिळाले पाहिजेत. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवून दिलेली आहे.

आत्याबाईंचे तिकीट मात्र तयार झालेले होते. पुण्याहून मुलाने ते काढून देताना अर्जात स्वतःचा ईमेल लिहिला होता आणि पैसे तेवढे आईच्या मोबाइलवरून भरायला लावले होते. त्याला फोन केला, त्याने पीडीएफ पाठवली, आणि त्यातला कोड पडद्यावर मोठा करून धरताच तो पहिल्याच खेपेला वाचला गेला.