सेल्फी पॉइंट आणि सार्वजनिक कला: गर्दी दोन्हीकडे, फरक कुठे?

हल्ली महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत तलावाकाठी किंवा मोठ्या चौकात गावाच्या नावाची पुरुषभर उंच अक्षरं दिसतात. मध्ये लाल बदाम, रात्री दिव्यांची रोषणाई, समोर फोटोसाठी झुंबड. उद्घाटनाच्या फलकावर याला खुशाल ‘कलाकृती’ म्हटलेलं असतं. मला ते पटत नाही.

सेल्फी पॉइंट कसा चालतो हे ॲमस्टरडॅममध्ये नीट दिसलं. राइक्सम्युझियम या कलासंग्रहालयापुढे ‘आय ॲमस्टरडॅम’ ही लाल-पांढरी अक्षरं होती. मुळात ते शहराच्या जाहिरात मोहिमेचं घोषवाक्य. आत रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ हे चित्र आणि बाहेर लोक अक्षरांवर चढून फोटो काढताहेत, असं रोजचं दृश्य होतं. गर्दी फार वाढली, शिवाय हा संदेश फारच ‘मी’पुरता आहे असा आक्षेप नगर परिषदेत घेतला गेला, आणि डिसेंबर 2018 मध्ये अक्षरं तिथून हलवली. ती दुसरीकडे नेऊन ठेवता आली, त्यांचं काही बिघडलं नाही. सेल्फी पॉइंटची खूण हीच: त्याला जागेशी देणंघेणं नसतं, आणि माणूस त्याच्याकडे पाठ करूनच उभा राहतो.

आता शिकागोतलं ‘क्लाउड गेट’ पाहा. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं हे शिल्प. 2004 मध्ये लोकांसाठी खुलं झालं, पण सांधे घासून-पुसून पुरं व्हायला 2006 उजाडलं. स्टेनलेस स्टीलचे 168 पत्रे जोडलेत, तरी जोड शोधून सापडत नाही. सुमारे 20 मीटर लांब आणि 10 मीटर उंच. जगात सर्वाधिक फोटो निघणाऱ्या शिल्पांत ते असेल, आणि तिथेही लोक स्वतःचेच फोटो काढतात. पण त्यासाठी शिल्पाकडे तोंड करावं लागतं! आरशासारख्या त्या स्टीलमध्ये आपण बोटभर दिसतो. मागे वाकलेल्या इमारती, ढग, अनोळखी माणसं. कमानीखाली जाऊन मान वर केली की आपलीच प्रतिमा ताणली जाते, उलटी होते, नाहीशी होते. इथे फोन हा बघण्याचाच एक भाग होतो. ऊन बदललं की शिल्प बदलतं, म्हणून माणूस रेंगाळतो.

पर्यटनाच्या दृष्टीने मला हे रेंगाळणं महत्त्वाचं वाटतं. 2017 च्या अखेरीस मुंबईच्या ससून डॉकवर कलामहोत्सव झाला. 1875 चा हा मासळीचा धक्का. शहरातल्या अनेकांनी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून ते आले. भिंतींवर तिथल्याच कोळणींचे चेहरे होते, आणि चार पावलांवर कोळंबी सोलणाऱ्या बायका. ते चित्र उचलून दुसऱ्या शहरात नेलं तर निम्मं मरेल.

पणजीची फोंताइन्हास ही जुनी वस्ती मात्र दोन्हींत बसत नाही. ती निळी-पिवळी घरं लोकांची राहती घरं आहेत. पावसाळ्यानंतर ती रंगवायची जुनी रीत आहे. फोटोंमुळे त्यांचा सेल्फी पॉइंट झाला. परक्यांनी दारात, पायऱ्यांवर ठाण मांडल्याने रहिवासी वैतागले आणि काही घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्या. अक्षरांच्या सांगाड्याला असा त्रास होत नाही. म्हणून चौकातल्या अक्षरांना माझा विरोध नाही, फक्त त्यांचा खर्च कलेच्या नावावर टाकू नये. तो पैसा स्थानिक चित्रकाराच्या हाती जायला हवा.