‘समाजसेविका’ की ‘खानावळवाली’? एका फलकामागची पार्श्वभूमी

येत्या रविवारी लालबागच्या आमच्या चाळीत आजीची शोकसभा आहे. फलकावर तिच्या नावाआधी काय लिहायचं, यावरून आठवडाभर दोन तट पडलेत. मंडळाच्या पोरांनी ‘ज्येष्ठ समाजसेविका’ असा मजकूर छपाईला धाडला होता. आजीच्या थोरल्या मुलीने तो परत मागवला. ‘आई खानावळ चालवायची, तेच लिहा,’ एवढंच ती म्हणाली. ही थोरली मुलगी म्हणजे माझी आई, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं धरून चाला.

आजीचा जन्म १९३४ चा, राजापूर तालुक्यातला. लग्न होऊन बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. आजोबा साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे. सासूही गिरणीत होती, वाइंडिंग म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात. सुनेलाही तिथेच चिकटवायचा बेत होता, पण तोवर बायकांची भरती आटत आली होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई असायची. पुढे रात्रपाळीची बंदी, बाळंतपणाचा खर्च, नवी यंत्रं अशी कारणं पुढे करत त्यांना कमी करत नेलं. गिरणीने घेतलं नाही म्हणून आजीने गिरणीवाले जेवायला घातले.

दहा बाय बाराची खोली, पुढे पडवी. पाच ‘मेंबरां’वर सुरुवात झाली, सत्तरच्या दशकात बावीस झाले. कोकणातल्याला भात लागायचा, साताऱ्या-कोल्हापूरकडच्याला भाकरी, त्यामुळे भल्या पहाटेपासून दोन्ही शेगड्या पेटलेल्या. पहिल्या पाळीचे जेवून गेले की रात्रपाळीचे डोळे चोळत यायचे. हिशेब महिन्याचा, पैसे गिरणीचा पगार झाल्यावर. गावाला गेला किंवा आजारी पडला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे वजा. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर निघायचे, आणि वाण्याच्या वर व्याजाने पैसे देणारा बसलेलाच. दोन वेळ जेवणारा कामगार महिनाभर आजीचा देणेकरी आणि आजी महिनाभर वाण्याची, अशी ती साखळी होती.

१९६९ साली चौदा बँका सरकारी झाल्या. तरी खानावळवालीला बँकेची पायरी चढायला आणखी काही वर्षं गेली. १९७५ च्या सुमारास गिरणगावातल्या या बायकांची संघटना उभी राहिली. एकमेकींना जामीन राहून त्या कर्ज घेऊ लागल्या. आजीला पंधराशे मिळाले. त्याआधी दुष्काळ, रेशनवरचा लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), लाटणी घेऊन निघालेले मोर्चे हे सगळं होऊन गेलेलंच होतं. ती मोर्चाला गेली होती, पण दुपारचं जेवण उरकून आणि संध्याकाळच्या आत परत.

आता वादाचं मूळ. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाचं काय झालं हे इथे सांगायला नको. खानावळींचं काय झालं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. पगार थांबला की वही थांबली. आजीची वही आईकडे आहे. लांबुळकी, लाल कापडी पुठ्ठ्याची, उभ्या रेघा हाताने मारलेल्या. डावीकडे नाव, मग तारखा, खाड्याला फुली, शेवटी ‘जमा’. फेब्रुवारीपासून जमेचा रकाना कोरा. नावं मात्र जूनपर्यंत आहेत, हळूहळू कमी होत गेलेली, कारण एकेक जण गावाला निघून गेला. जूनच्या पानाखाली फक्त ‘वाणी ४१००’. पाटल्या त्याच महिन्यात गेल्या.

यावर घरात दोन मतं आहेत. मामाचं म्हणणं, तिने उधारी सोडली. पोरं लढतायत, त्यांच्याकडून काय घ्यायचं, असं ती स्वतः म्हणाल्याचं तो सांगतो. आई म्हणते, बुडाली. सोडायला आधी ती मागता यायला हवी, आणि मागायची सोय बंद केली एका सत्काराने. त्या उन्हाळ्यात संपकऱ्यांसाठी धान्य गोळा होत होतं. परळच्या एका मेळाव्यात ‘संपाला मदत करणाऱ्या भगिनी’ म्हणून चार-पाच खानावळवाल्यांना नारळ आणि साडी देण्यात आली. ‘समाजसेविका’ हा शब्द आजीला पहिल्यांदा तिथे चिकटला, ध्वनिक्षेपकावरून. आईच्या शब्दांत, ‘साडी नेसवली आणि बिल फाडलं.’

मला आईचं म्हणणं जास्त पटतं. त्याला वहीचा आधार आहे. आजीने एकही नाव खोडलेलं नाही, आणि सोडून दिलेली उधारी कुणी इतकी वर्षं जपून ठेवत नाही. पाटणकडचा एक मेंबर १९८९ साली तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन जिना चढला, तेव्हा तिने वही काढली आणि त्याच्या नावापुढे ‘पोहोचले’ लिहिलं. असे तिघंच पोहोचले.

मंडळाची बाजू अगदीच पोकळ आहे असंही नाही. १९८३ नंतर खानावळ सहा-सात ताटांवर आली, पण तिच्या दोन्ही शेगड्या चालूच राहिल्या. परळच्या मोठ्या इस्पितळांबाहेर गावाहून आलेले नातेवाईक फुटपाथवर मुक्काम करतात, आजही करतात. त्यांच्यासाठी ती रोज डबे पाठवायची, आणि त्याचे पैसे तिने कधीच घेतले नाहीत. डबे पोचवायला आम्हा नातवंडांच्या पाळ्या लागायच्या. फुटपाथवर कुणाकुणाला हाका मारायच्या याची यादी तीच तोंडी द्यायची. मंडळाच्या पोरांनी पाहिली ती ही आजी. त्यांच्यातले बरेचसे संपानंतर जन्मले.

आणि मग घरांचे अर्ज. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा घरांसाठी ठेवायचं ठरलं होतं. २००१ ला नियम बदलला आणि मोकळ्या जमिनीपुरताच हिस्सा उरला. २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. चाळीच्या खिडकीतून टॉवर दिसू लागले ते त्यानंतर. कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. घरं सुमारे सात हजार आणि अर्ज दीड लाखाच्या घरात. त्या अर्जांच्या दिवसांत आजीची पडवी म्हणजे कचेरी झाली होती. कुणाचं गिरणीतल्या ओळखीचं तिकीट हरवलेलं, कुणाचा बाप गावी वारलेला, भाऊ-भाऊ वारसाहक्कावरून भांडणारे. कोण कुठल्या खात्यात होता, कुठल्या पाळीला जायचा, हे तिला तोंडपाठ असायचं, कारण पाळीप्रमाणेच तर ती ताटं वाढायची. दोघा-तिघांची माहिती जुळवायला ती वही उपयोगी पडली.

पात्रतेची अट अशी, की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असला पाहिजे. आजोबा १९७९ मध्येच वारले होते. अर्ज भरून देणाऱ्या एका पोराने तिला विचारलं, ‘आजी, तुमचा नाही का भरायचा?’ ती म्हणाली, ‘मी कुठल्या मस्टरवर?’ आणि पुढचा कागद ओढला.

मृत्यूच्या नोंदीसाठी पालिकेत गेलो तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात कारकुनाने न विचारताच ‘गृहिणी’ लिहिलं. मीही गप्प राहिलो. आई त्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

काल रात्री मंडळाचा अध्यक्ष तोडगा घेऊन आला. दोन्ही शब्द टाकू, काकी, जागा आहे फलकावर. आईने चहा ठेवला, वही पुन्हा कपाटात नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन विचारलं, ‘आधी कुठला?’ तो म्हणाला, पोरांना विचारून सांगतो. छपाईवाल्याला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.