अमेरिकी राजकारणातील कामगार संघटनांचा पैसा

अमेरिकेतील कामगार संघटना निवडणुका, सार्वमते आणि कायदेमंडळातील पाठपुरावा (लॉबिंग) यांवर करतात तो खर्च. हा पैसा शेवटी सभासदांच्याच खिशातून येतो. मात्र तो कोणत्या खात्यातून बाहेर पडतो यावर त्याचे नियम पूर्णपणे बदलतात. वर्तमानपत्री वादात ही खाती सर्रास एकमेकांत मिसळली जातात. त्यामुळे एकाच काळासाठी एक बाजू लहान आणि दुसरी त्याच्या कितीतरी पट मोठा आकडा सांगते, आणि दोन्ही आकडे कागदोपत्री खरे असतात.

बंदी आणि तिची पळवाट. १९३६ साली जॉन एल. लुइस यांच्या खाण कामगार संघटनेने फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या फेरनिवडणुकीसाठी सुमारे पाच लाख डॉलर दिले. तोवर एवढी रक्कम कोणत्याही संघटनेने दिली नव्हती. अपेक्षित मोबदला मिळाला नाही असे वाटल्यावर लुइस यांनी १९४० मध्ये थेट रिपब्लिकन उमेदवार वेंडेल विल्की यांना पाठिंबा दिला. १९४३ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखालील कोळसा खाणींतील संपामुळे काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, चिडली आणि रूझवेल्ट यांचा नकाराधिकार मोडून काढून तिने स्मिथ-कॉनली कायदा केला. कंपन्यांना १९०७ पासून असलेली देणगीबंदी युद्धकाळापुरती संघटनांनाही लागू झाली. त्याच वर्षी सीआयओ या महासंघाने सिडनी हिलमन यांच्या अध्यक्षतेखाली ‘पोलिटिकल अ‍ॅक्शन कमिटी’ स्थापन केली. आज अमेरिकी राजकारणात सर्वत्र दिसणाऱ्या ‘पॅक’चा हा मूळ नमुना, कंपन्यांनी तो बऱ्याच उशिरा उचलला. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने बंदी कायम केली आणि देणगीबरोबर खर्चालाही लागू केली. सभासदांनी स्वेच्छेने दिलेला, वेगळा ठेवलेला निधी मात्र १९७१ च्या निवडणूक कायद्याने आणि सेंट लुइसच्या पाइपफिटर कामगारांच्या खटल्यातील १९७२ च्या निकालाने अधिकृत ठरला.

तीन खाती. पहिले खाते पॅकचे. संघराज्याच्या, म्हणजे अध्यक्ष व काँग्रेसच्या, निवडणुकीत उमेदवाराच्या हाती पैसा द्यायचा तर तो यातूनच देता येतो. पगारातून पॅकसाठी कपात करायला सभासदाची लेखी संमती लागते. संघटनेला रक्कम सुचवता येते, पण ती केवळ सूचना आहे आणि नकार दिल्यास काहीही बिघडणार नाही, हे सांगावे लागते. गोळा झालेली ५० डॉलरपर्यंतची देणगी ३० दिवसांत आणि त्याहून मोठी १० दिवसांत पॅककडे पोचती करायची असते. वर्षाला २०० डॉलरहून अधिक देणाऱ्याचे नाव, पत्ता आणि व्यवसाय निवडणूक आयोगाच्या विवरणात येतो. पॅकचे कार्यालय, छपाई, हिशेबनीस यांचा खर्च संघटनेच्या तिजोरीतून करायला मोकळीक आहे, त्यामुळे गोळा झालेला जवळजवळ प्रत्येक डॉलर उमेदवारांसाठी शिल्लक राहतो. स्थिरावलेल्या पॅकला एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलर देता येतात. प्राथमिक आणि अंतिम निवडणूक वेगळी धरल्यास १०,०००. ही मर्यादा १९७४ मध्ये ठरली आणि महागाईप्रमाणे वाढलेली नाही. एकाच राष्ट्रीय संघटनेच्या सर्व शाखांचे पॅक मिळून एकच मर्यादा मोजली जाते. सिनेटच्या एका चुरशीच्या लढतीत आज कोट्यवधी डॉलर उधळले जातात. तेथे हे धनादेश प्रभावाचे साधन म्हणून फारसे उरलेले नाहीत. ते ओळख ठेवण्यापुरते.

येथे नेहमी चुकते ते संमतीच्या बाबतीत. शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने एकेकाळी वर्गणीबरोबरच राजकीय देणगी कापून घेऊन ‘नको असल्यास परत मागा’ अशी पद्धत ठेवली होती. १९७८ मध्ये न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. संमती आधी, कपात नंतर, हा क्रम उलटला की सगळी वसुली परत करण्याची वेळ येते.

दुसरे खाते म्हणजे सर्वसाधारण तिजोरी, म्हणजेच वर्गणी. यातून संघराज्याच्या उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही, पण आपल्या सभासदांशी आणि त्यांच्या कुटुंबीयांशी हवे तितके बोलता येते: पत्रके, दूरध्वनी, कारखान्याच्या फाटकावरील प्रचार, घरभेटी. अमुक उमेदवाराला मत द्या असे स्पष्ट सांगणाऱ्या अशा संपर्कावरील खर्च एका निवडणुकीत २,००० डॉलरच्या वर गेला तर त्याची नोंद आयोगाकडे करावी लागते. संघटनांची खरी ताकद येथे आहे. शेजारच्या बाकावर काम करणारा माणूस दारात येतो तेव्हा दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीपेक्षा त्याचे ऐकले जाते, आणि त्याच्या रजेचा पगार, पेट्रोल, मतदारयाद्या यांचा खर्च तिजोरी उचलते.

तिसरे खाते २०१० नंतरचे. सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांबरोबर संघटनांनाही तिजोरीतून स्वतंत्र, म्हणजे उमेदवाराशी संगनमत नसलेला, खर्च अमर्याद करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या स्पीचनाउ निकालातून सुपर पॅक, म्हणजे अमर्याद देणग्या घेऊन केवळ स्वतंत्र खर्च करणारे पॅक, जन्माला आले. व्यवहारात मोठा फरक पडला तो पायी प्रचारात. तोवर तिजोरीच्या पैशावर फिरणाऱ्या कार्यकर्त्याला संघराज्याच्या उमेदवारासाठी मत मागताना सभासदाचे घर गाठून शेजारची घरे वगळावी लागत; आता सगळी गल्ली घेता येते. अर्थात सुपर पॅकचा हाच मार्ग कंपन्यांना आणि धनाढ्य व्यक्तींनाही खुला झाला, आणि एकूण रकमेत उद्योगजगताचा पैसा संघटनांच्या कितीतरी पट आहे.

आकडे का जुळत नाहीत. निवडणूक आयोगाकडे फक्त संघराज्याच्या निवडणुकांचा खर्च दिसतो. श्रम खात्याकडे मात्र १९५९ च्या कायद्यानुसार अडीच लाख डॉलर किंवा अधिक वार्षिक जमा असलेल्या संघटनांना ‘एलएम-२’ हे विवरण भरावे लागते, आणि त्यात ‘राजकीय कार्य व पाठपुरावा’ असा स्वतंत्र तक्ता असतो. राज्यांतील निवडणुका, सार्वमते, कर्मचाऱ्यांचा राजकारणात गेलेला वेळ, सगळे त्यात येते. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१२ मध्ये दोन्ही कागद शेजारी ठेवले, तेव्हा २००५ ते २०११ या काळासाठी नेहमीच्या १.१ अब्ज डॉलरऐवजी सुमारे ४.४ अब्ज निघाले. तेही पूर्ण चित्र नव्हे: ज्या संघटनांत केवळ राज्य व स्थानिक सरकारचे कर्मचारी आहेत, त्यांना एलएम-२ लागूच नाही.

ज्यांना राजकारण नको त्यांचे काय. नोकरी टिकवायची म्हणून पैसे भरणाऱ्याचा पैसा त्याला अमान्य राजकारणात वापरावा का, हा वाद न्यायालयात पन्नासहून अधिक वर्षे चालला. रेल्वे कामगारांच्या १९६१ च्या निकालापासून सूत्र असे बनले: वाटाघाटींचा खर्च द्या, राजकारणाचा नाकारता येईल. १९८८ च्या बेक निकालाने ते खासगी क्षेत्राला लागू झाले. पण त्यासाठी सभासदत्व सोडून लेखी हरकत घ्यावी लागते. मग संघटना लेखापरीक्षित हिशेबानुसार खर्चाची विभागणी करून शुल्क कमी करते. हा हक्क वापरणारे थोडेच. भारतात १९२६ च्या कामगार संघटना कायद्याच्या कलम १६ ने उलट बाजूने सुरुवात केली होती: राजकीय निधी वेगळा आणि ज्याने स्वतःहून दिले त्याचाच.

सरकारी कर्मचाऱ्यांपुरते हे सूत्र २०१८ मध्ये जेनस निकालाने पाच विरुद्ध चार मतांनी मोडले. इलिनॉयमधील मार्क जेनस यांच्याकडून महिना सुमारे ४५ डॉलर कापले जात. सरकारशी वाटाघाट करणे हेच राजकीय भाष्य आहे, म्हणून बिगरसभासदाकडून सक्तीने काहीच घेता येणार नाही, असे बहुमताने ठरवले. सार्वजनिक क्षेत्र हा संघटनांचा अखेरचा भक्कम गड असल्याने हा घाव वर्मी बसला: २०२४ मध्ये एकूण पगारदारांपैकी ९.९ टक्के सभासद होते, सरकारी नोकरीत ३२.२ टक्के, खासगीत जेमतेम ५.९.

पैशाने काय मिळाले. संघटनांचा बहुतांश पैसा डेमोक्रॅटिक पक्षाकडे जातो, तरी पक्ष मुठीत असल्याचे दिसत नाही. १९९३ मध्ये नाफ्टा हा उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापाराचा करार संघटनांच्या तीव्र विरोधाला न जुमानता डेमोक्रॅटिक अध्यक्षांच्या काळात, १०२ डेमोक्रॅट प्रतिनिधींच्या मतांसह मंजूर झाला. २००९ मध्ये सिनेटमध्ये अडवणूक मोडायला लागणारी साठ मते जमूनही संघटना बांधणे सोपे करणारे विधेयक मतदानापर्यंत पोचले नाही. पुढच्याच वर्षी आर्कान्सामध्ये सिनेटर ब्लँच लिंकन यांना प्राथमिक निवडणुकीत पाडण्यासाठी संघटनांनी जवळपास एक कोटी डॉलर घातले. त्या प्राथमिक फेरी जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवाराकडून हरल्या. पाठिंब्याने निष्ठा विकत मिळत नाही हे हवाई वाहतूक नियंत्रकांनी सर्वांत महागात शिकले: त्यांच्या संघटनेने १९८० मध्ये रेगन यांना पाठिंबा दिला आणि ऑगस्ट १९८१ मध्ये रेगन यांनीच ११,००० हून अधिक संपकऱ्यांना बडतर्फ केले.

बचावात मात्र हा पैसा चांगला चालतो, विशेषतः प्रश्न उमेदवाराचा नसून थेट कायद्याचा असतो तेव्हा. कॅलिफोर्नियात राजकीय कपातीवर बंधने घालणारे प्रस्ताव १९९८, २००५ आणि २०१२ असे तीनदा मतदारांनी फेटाळले. ओहायोत २०११ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचे वाटाघाटीचे हक्क छाटणारा कायदा सार्वमताने रद्द झाला; मिसूरीत २०१८ मध्ये तशाच लढाईत सुमारे दोन तृतीयांश मते संघटनांच्या बाजूने पडली. विस्कॉन्सिनमध्ये २०१२ साली राज्यपाल स्कॉट वॉकर यांना मुदतीआधी मतदानाने पदावरून परत बोलावण्याचा प्रयत्न मात्र फसला, कारण मतपत्रिकेवर कायद्याऐवजी माणूस होता आणि बाहेरचा पैसा दोन्हीकडून आला. दीर्घ पाठपुराव्याचे ठळक यश म्हणजे २०२१ च्या मदत कायद्यातील बुडत्या निवृत्तिवेतन निधींची तरतूद. तिच्यातून टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या संघटनेचे हजारो सभासद असलेल्या सेंट्रल स्टेट्स निधीला सुमारे ३६ अब्ज डॉलर मिळाले. तरीही २०२४ मध्ये टीमस्टर्सने अध्यक्षपदासाठी कोणालाच पाठिंबा दिला नाही.

वसुलीची वाट बंद करणे हा विरोधकांचा जुना आणि परिणामकारक डाव आहे. मार्च २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या आदेशाने अनेक संघराज्य खात्यांतील सामूहिक वाटाघाटी संपल्या, त्यांच्याबरोबर पगारातून होणारी वर्गणीची कपातही थांबली, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेला सभासदांच्या बँकखात्यांतून वसुलीची नवी व्यवस्था उभारताना स्वतःचे निम्म्याहून अधिक कर्मचारी कमी करण्याची घोषणा करावी लागली.