खाली येता येता वर जाणं

ग्लायडरच्या, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानाच्या, कॉकपिटच्या काचेवर, बाहेरच्या बाजूनं, लाल लोकरीचा बोटभर धागा चिकटपट्टीनं लावलेला होता. पुढ्यात उंची आणि वेग दाखवणाऱ्या तबकड्या होत्या, तरी बसल्याबसल्या शिकवणाऱ्या सरांनी आधी बोट दाखवलं ते धाग्याकडे. "हा सरळ मागे राहिला पाहिजे. डावी-उजवीकडे गेला तर समजायचं, आपण हवेत तिरके घसरतोय." वारा अंगावरून नीट मागे जातोय की नाही, हे सांगायला लोकरीच्या धाग्याइतकं चोख आणि स्वस्त साधन अजून कुणाला सुचलेलं नाही. लाखो रुपयांच्या आधुनिक ग्लायडरच्या काचेवरही तो असतो.

एप्रिलमधली सकाळ होती. सासवड रस्त्यानं हडपसर मागे टाकलं की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर आहे. त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या कितीतरी पुणेकरांनी तिथलं इंजिन नसलेलं विमान हवेत चढताना कधी पाहिलेलं नसतं. मैदानाच्या एका टोकाला विंच, म्हणजे जमिनीवर ठेवलेलं इंजिन आणि त्यानं फिरणारं मोठं रीळ. रिळावरची केबल मैदानभर पसरून दुसऱ्या टोकाला ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवतात. एक जण पंखाचं टोक हातात धरून पंख समांतर ठेवतो, कारण ग्लायडरला पोटाखाली एकच मुख्य चाक असतं आणि उभा असताना तो एका पंखावर कललेला असतो. केबल ताणली गेली, पंख धरणारा चार पावलं धावला आणि पाठ सीटला चिकटली. पतंगाला ढील न देता मांजा खेचत राहिलं तर पतंग जसा सरसर डोक्यावर चढतो, तसाच ग्लायडर चढतो. हजारेक फुटांवर सरांनी मूठ ओढली, खाली 'खट्' आवाज झाला आणि केबल सुटली.

त्या क्षणापासून आपण खाली येत असतो. ग्लायडिंगबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. ग्लायडर हवेत 'तरंगत' नाही. तो नाक किंचित खाली ठेवून हवेच्या अदृश्य उतारावरून घसरत असतो आणि पंखांवरून वारा वाहता ठेवण्यासाठी लागणारी ऊर्जा स्वतःची उंची खर्चून मिळवत असतो. शिकाऊंसाठीचा साधा ग्लायडर एक मीटर खाली येताना साधारण वीस मीटर पुढे जातो. हजार फूट म्हणजे तीनशे मीटर, म्हणजे हाताशी सहा किलोमीटर. ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगानं हा हिशेब पाच मिनिटांत संपतो. आमची पहिली फेरी तशीच संपली. डावीकडे वळण, पुन्हा डावीकडे, आणि खाली. हवा इतकी शांत होती की धागा जागचा हलला नाही.

सकाळी असंच असतं. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन तळाशी बसते आणि वर तुलनेनं उबदार हवेचं झाकण बसतं. हिवाळ्यात पहाटे पर्वतीवर उभं राहिलं तर हे झाकण चक्क डोळ्यांना दिसतं: शहराचा सगळा धूर एका पातळीवर अडून आडवा पसरलेला असतो. झाकण आहे तोवर खालची हवा वर जात नाही. नवशिक्यांना सकाळी शिकवतात ते म्हणूनच. ज्यांना वर राहायचंय ते ऊन चढायची वाट बघतात.

अकराच्या सुमारास मैदानाच्या कडेला एक वावटळ उठली. पाचोळा गरगरत माणूसभर उंच गेला आणि विरला. विंचजवळची मंडळी एकदम सावरून बसली. गावाकडे वावटळ दिसली की आपण डोळे मिटून घेतो, इथे सगळे डोळे विस्फारून बघतात. वावटळ म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या खांबाचा धुळीनं दिसू लागलेला पायथा. त्या खांबाला ग्लायडरवाले थर्मल म्हणतात.

ऊन थेट हवेला फारसं तापवत नाही. ते जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. त्यातही सगळी जमीन सारखी तापत नाही. उसाच्या हिरव्या शेतात उन्हाची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. शेजारची कोरडी नांगरट, पत्र्याच्या शेड आणि डांबर मात्र भाजून निघतात. तिथली हवा भोवतालापेक्षा अंशभर जास्त तापली, तरी पुरे. एप्रिलच्या पुण्यात घनमीटरभर हवेचं वजन एक किलोहून किंचित जास्त भरतं, आणि एका अंशानं ते सुमारे साडेतीन ग्रॅमनं घटतं. साडेतीन ग्रॅम म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर साखर, असं वाटेल. पण दोनशे मीटर रुंद आणि शंभर मीटर उंच खांब धरा. त्यात एकतीस लाख घनमीटर हवा मावते आणि तिला मिळणारा उचल दहा-अकरा टनांचा होतो. दोन माणसांसकट आमच्या ग्लायडरचं वजन अर्ध्या टनाच्या आसपास.

दुपारी साडेबाराला दुसरी फेरी. केबल सुटल्यावर सर बाहेर काहीतरी शोधत होते. "ती बघा, दोन वाजता." समोर घड्याळ आहे असं धरून दोनच्या आकड्याकडे, म्हणजे पुढे उजवीकडे पाहिलं, तर फुरसुंगीच्या बाजूला तीन घारी एकाच जागी घिरट्या घालत होत्या. एकही पंख हलवत नव्हती. आम्ही तिकडे वळलो. आधी ग्लायडर थोडा खाली दबला, मग उजवा पंख कुणीतरी खालून ढकलावा तसा उचलला गेला. "उजवीकडे आहे," असं म्हणत सरांनी उचललेल्या पंखाच्या दिशेलाच ग्लायडर कलवला.

आत शिरल्यावर पुढ्यातल्या एका तबकडीचा काटा वर सरकला. हा व्हेरिओमीटर. त्याची युक्ती मला फार आवडली. एका थर्मास बाटलीत हवा भरलेली असते आणि तिची नळी तबकडीतून बाहेर जाते. आपण वर गेलो की बाहेरचा दाब घटतो, बाटलीतली हवा बाहेर पडू लागते आणि त्या वाहण्यानं काटा हलतो. बाटली थर्मासचीच का? तर बाहेरच्या गारठ्या-उष्म्यानं आतली हवा आकसू-फुगू नये म्हणून. माणसाच्या शरीराला वर-खाली धक्का कळतो, संथ चढ कळत नाही. हे उपकरण नसेल तर आपण चढतोय की उतरतोय हे आत बसून चटकन ओळखता येत नाही.

खांबातली हवा सेकंदाला अडीच मीटरनं वर चालली होती. वळणात आमचा ग्लायडर तिच्यातून सेकंदाला सव्वा मीटर खाली घसरत होता. उरला सव्वा मीटरचा नफा. जिल्हा न्यायालय मेट्रो स्टेशनवर वर जाणाऱ्या लांबलचक सरकत्या जिन्यावर सावकाश खाली उतरत राहिलं तर आपण शेवटी वरच पोहोचतो, तसंच हे. चाळीस अंश कलून एक घिरटी पुरी व्हायला सोळा सेकंद लागत होते, आणि प्रत्येक घिरटीला वीसेक मीटर उंची जमा होत होती. घारींची घिरटी आमच्याहून कितीतरी लहान, त्यामुळे त्या खांबाच्या गाभ्यात, जिथे चढ सगळ्यात जोमदार, तिथे बसलेल्या. त्यातली एक इतकी जवळून गेली की शेपटीचा पंखा ती कसा पिळते ते दिसलं. मान वळवून तिनं एकदा आमच्याकडे पाहिलं. खाली दिवे घाटाची वळणं आणि कानिफनाथाचा डोंगर चपटा होत गेला. कॉकपिटमध्ये येणारी हवा गार लागायला लागली. चढणारी कोरडी हवा दर शंभर मीटरला जवळपास एक अंश थंड होत जाते.

ती कुठवर चढणार याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) यांतला फरक १२५ नं गुणा, ढगाचा तळ जमिनीपासून किती मीटरवर असेल ते निघतं. त्या दिवशी तापमान ३८, दवबिंदू १२. म्हणजे सव्वातीन किलोमीटर. भुसभुशीत कापसासारखा पांढरा ढग म्हणजे एखाद्या थर्मलचा माथाच. आम्ही तिथवर गेलो नाही. लोहगावचा विमानतळ जवळ आहे, आकाश काही एकट्या ग्लायडरचं नसतं.

भारतात ग्लायडर बनवले गेले तेव्हा त्यांना नक्षत्रांची नावं दिली गेली: अश्विनी, भरणी, रोहिणी, आर्द्रा. शेजारीशेजारी बसायच्या दोन जागा असलेला रोहिणी १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाला. शेतकरी ज्या नक्षत्रांकडे पावसासाठी बघतो त्यांतलीही काही नावं या विमानांना मिळाली याचं मला अप्रूप वाटतं, कारण मृग-आर्द्रा बरसल्या की जमीन ओली होते, उन्हाची उष्णता वाफेत जाऊ लागते आणि थर्मल मंदावतात.

इंजिनाशिवाय शिकून काय मिळतं, हे २३ जुलै १९८३ ला कॅनडात दिसलं. इंधन भरताना किलो आणि पौंडांची गल्लत झाल्यानं एअर कॅनडाचं बोईंग ७६७ जवळपास ४१ हजार फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हे अनुभवी ग्लायडर वैमानिक होते. गिमली इथल्या जुन्या धावपट्टीजवळ पोहोचले तेव्हा विमान फार उंचावर होतं. त्यांनी ते मुद्दाम तिरकं घसरवत उंची कमी केली आणि उतरवलं. त्यातले सगळे वाचले. लोकरीचा धागा ज्या घसरण्यापासून सावध करतो, तेच घसरणं त्यांनी ब्रेकसारखं वापरलं.

आम्ही चाळीस मिनिटं वर होतो. उतरताना सरांनी पंखांवरचे एअरब्रेक उघडले, तशी इतका वेळ जपून साठवलेली उंची झरझर गळू लागली. ग्लायडरला दुसरी संधी नसते, म्हणून मैदानाकडे जरा जास्त उंची राखून यायचं आणि उरलेली शेवटी उधळायची. चाक वाळलेल्या गवतावर टेकलं, खडखडत थांबलं आणि डावा पंख अलगद जमिनीवर कलला.

मग पाच जणांनी मिळून ग्लायडर ढकलत पुन्हा विंचच्या केबलपाशी नेला. सर मध्येच थांबून हाताची झापड करून वर बघत होते. मघाच्या घारी आता तिथे नव्हत्या. त्या वाऱ्याबरोबर पूर्वेला, पत्र्याच्या शेडवर सरकल्या होत्या. "पुढचं लाँच घेऊ लगेच," ते म्हणाले, आणि आम्ही पावलं उचलली.